विषय: युरोपियन युनियन वाढलं तर स्वित्झर्लंडचं काय?

बेळगाव, उद्यमबागेतून:
नमस्कार मंडळी. आमच्या फौंड्रीतलं पंपाचं कास्टिंग स्वित्झर्लंडला जातंय, तिथला गिऱ्हाईक पंप बनवून पोलंडला विकतो. आता युक्रेन, सर्बिया युनियनमध्ये यायची बोलणी चाललीत म्हणे. पण स्वित्झर्लंड तर बाहेरच आहे, मग त्यांना काय फरक पडतोय हो?

झुरिकहून (मूळ निपाणी):
काका, चांगलाच पडतो. १ मे २००४ ला दहा देश एकदम आत आले, पोलंड त्यातलाच. त्याआधी एफ्टामार्फत (युनियनबाहेरच्या स्वित्झर्लंड, नॉर्वेसारख्या देशांचा व्यापारगट) स्वित्झर्लंडचा पोलंडशी वेगळा करार होता, तो त्या दिवशी संपला आणि युनियनबरोबरचा १९७२ चा मुक्त व्यापाराचा करार तिथं लागू झाला. कारखान्याच्या मालाला ते सोयीचंच पडलं, जीएसटी आल्यावर कोगनोळीच्या नाक्यावरची ट्रकवाल्यांची कागदपत्रं कमी झाली ना, तसंच थोडंफार.

माणसांच्या ये-जा करण्याचं मात्र तसं नाही, त्याला दरवेळी वेगळा प्रोटोकॉल, म्हणजे जोडकरार, लागतो. २००५ ला नव्या देशांसाठीच्या प्रोटोकॉलवर इथं मतदान झालं, ५६ टक्के लोक हो म्हणाले, शिवाय नव्या देशांच्या विकासासाठी १ अब्ज फ्रँक द्यायचं ठरलं. २०१३ ला क्रोएशिया आला आणि पुढच्याच वर्षी इथल्या लोकांनी स्थलांतरावर मर्यादा घालायला मत दिलं, म्हणून सरकारनं क्रोएशियाच्या प्रोटोकॉलवर सही केली नाही, तर युनियननं लगेच इरॅस्मस (विद्यार्थ्यांची देवाणघेवाण) आणि होरायझन २०२० (संशोधनाचा निधी) या योजनांमधला सहभाग अडवला, विद्यार्थी आणि संशोधक मधल्यामधे भरडले गेले, शेवटी २०१६ ला मान्य करावंच लागलं. मला हे अजिबात पटत नाही. कोणाला आत घ्यायचं यात स्वित्झर्लंडला मत नाही आणि खर्चाचा वाटा मात्र द्यायचा!

बेळगाव:
मग आमच्या कास्टिंगवर ड्युटी किती?

झुरिक:
शून्य. १ जानेवारी २०२४ पासून स्वित्झर्लंडनं सगळ्याच देशांच्या औद्योगिक मालावरची ड्युटी काढलीय. पण पंप पोलंडला बिनड्युटी जायचा तर तो 'स्विस' ठरायला पाहिजे, म्हणजे रूल्स ऑफ ओरिजिन (माल कुठल्या देशाचा धरायचा त्याचे नियम), आणि त्यात तुमचं कास्टिंग परदेशी माल म्हणून मोजलं जातं. गिऱ्हाईक एचएस कोड (कस्टमसाठी मालाच्या प्रकाराचा नंबर) आणि किंमत वेगळी मागत असेल तर ती ह्यासाठीच, बिलावर व्यवस्थित घालून द्या.

बेळगाव:
मागालाय खरंच! आणि युक्रेन आलं की?

झुरिक:
एफ्टाचा त्यांच्याशी २०१२ पासूनचा करार आहे, तो तेव्हा संपेल आणि १९७२ वालाच तिथंही लागेल. तुमचा पंपवाला तिकडं विकत असेल तर त्याला आत्ताच विचारून ठेवा.