३ जीबीच्या अपडेटला ९५ जीबी जागा? गेम लाँचरबाबत मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

तीन दिवस झाले, एका गेमचं अपडेट अडकून पडलंय. कंपनीचा स्वतःचा लाँचर आहे, गेम त्यातूनच उतरवावा लागतो.

गेम डिस्कवर ९२ जीबीचा. अपडेट ३ जीबीचं, पण लाँचर म्हणतो ९५ जीबी मोकळे करा. माझी एसएसडी ५१२ जीबीची, विंडोज ती ४७६ दाखवतं, त्यात मोकळे होते ६०. इकडचं तिकडे हलवून कशीबशी जागा केली. एवढी जागा का लागते, ते मला थोडंफार कळतं. गेमचा सगळा माल दोन-चार अवाढव्य फायलींत बांधलेला असतो आणि त्यातला जरासा भाग बदलायचा तरी काही लाँचर आख्ख्या फाइलीची नवी प्रत बनवून मग जुनी काढतात. ठीक आहे, पण तसं स्क्रीनवर सांगा तरी!

खरा त्रास पुढेच. नेटची लाइन २० एमबीपीएसची (हे मेगाबिट, आठ बिटांचा एक बाइट), म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त अडीच एमबी. तेवढा वेग मिळतही होता. ६४ टक्क्यांवर तो एकदम शून्यावर आला. पट्टी जागची हलेना, खाली फक्त ‘डाउनलोड होत आहे’. अर्धा तास राउटर बंद-चालू करत बसलो. मग टास्क मॅनेजर उघडला तर डिस्क १०० टक्के कामात! नेट ठणठणीत होतं, लाँचर उतरलेले तुकडे जुन्या फायलींत जोडत होता. हे कळेपर्यंत मी ‘थांबवा’ दाबायला गेलो आणि बोट पडलं शेजारच्या ‘रद्द करा’वर. दोन्ही बटणं एकाच रंगाची, एकमेकांना चिकटलेली. ‘नक्की का?’ एवढंही न विचारता सगळं पुसलं, पुन्हा ० टक्के.

रात्री परत लावलं. घरच्यांनाही नेट पुरावं म्हणून वेगमर्यादेच्या चौकटीत १ टाकला. एकक कुठेच लिहिलेलं नाही, मी एमबी धरलं. आठ तासांनी पाहतो तर जेमतेम २८ एमबी उतरलेले. तो १ केबी होता. फार चिडचिड झाली.

आता गेम उघडतच नाही, ‘फाइल अपूर्ण’ म्हणतो. महिन्याभरापूर्वीची गेमच्या फोल्डरची प्रत बाहेरच्या हार्डडिस्कवर आहे. दुसऱ्या एका लाँचरवर मी असं केलं होतं: इन्स्टॉल सुरू करायचं, लगेच थांबवायचं, जुनं फोल्डर त्या जागी टाकायचं आणि ‘फाइल तपासा’ चालवायचं. मग तो फक्त कमी पडलेलं उतरवतो. कंपन्यांच्या स्वतंत्र लाँचरवर हे कुणी करून पाहिलंय का? की तो माझं फोल्डरच पुसून टाकेल? प्रत एकच आहे, म्हणून धीर होत नाही.

आणि उतरलेले तुकडे फायलींत जोडणं चालू असताना पीसी बंद झाला तर काम तिथूनच पुढे सुरू होतं का?

सगळा गेम नव्याने उतरवणं शेवटचा उपाय म्हणूनच सुचवा. दहा तास लागतील आणि या महिन्याचा डेटाही संपत आलाय.