गणपतीला डोंबिवलीहून देवगडकडे इलेक्ट्रिक गाडीने: चार्जिंग कुठे आणि किती करावं?

प्रश्न (डोंबिवलीहून)

यंदा १४ सप्टेंबरला गणपती. पहिल्यांदाच इलेक्ट्रिक गाडीने गावी जायचं ठरवतेय. गाव देवगड तालुक्यात, हायवे सोडून नांदगाव तिठ्यावरून आत. डोंबिवलीपासून सव्वाचारशे-साडेचारशे किलोमीटर धरा. गाडी नेक्सॉन, बॅटरी ४०.५ युनिटची. कागदावर रेंज (एका चार्जिंगमध्ये जाणारं अंतर) ४६५ किलोमीटर आहे, पण एसी लावून हायवेला आम्हाला २६५ च्या आसपास मिळते.

घरचा गणपती माझ्या बाबांचा. मला भाऊ नाही, त्यामुळे गेली काही वर्षं बाबांना घेऊन आम्हीच जातो. बाबा ७६ वर्षांचे आहेत, गुडघ्यांमुळे त्यांना दोन तासांच्या वर एका जागी बसवत नाही. म्हणूनच विचारतेय. दिवाळीत अलिबागकडून येताना एका फास्ट चार्जरवर पोचलो तेव्हा गाडीत ११ टक्के उरले होते. ॲपवर तो चालू दिसत होता, प्रत्यक्षात बंद. दुसरीकडे जाऊन नंबर लागेपर्यंत बाबा दीड तास गाडीत अवघडून बसले. ते काही बोलले नाहीत, पण मला अजून ते आठवलं की कसंतरी होतं.

दुसरी काळजी गावातली. काकांना फोन केला तर त्यांनी पहिलं हेच विचारलं, “गाडयेक लाईट खंय लावतलंस?” घर जुनं आहे. पडवीत पंधरा अँपिअरचा एक प्लग आहे, त्यावर आंब्याच्या दिवसांत फवारणीचा पंप चालतो. तो चालेल का?

उत्तर (लांज्याहून)

ताई, मी वायरमन आहे आणि दीड वर्षापासून हीच गाडी चालवतो. महिन्यातून एकदा सामान आणायला पनवेलला जाणं होतं, त्यामुळे रस्ता पाठ आहे.

तुमची गाडी किलोमीटरला साधारण दीडशे वॅट-अवर खाते, म्हणजे शंभर किलोमीटरला १५ युनिट. घरून शंभर टक्के करून निघालात की महाडला ४०-४५ टक्के उरतील. बहुतेक जण इथेच चुकतात. ‘अजून पुष्कळ आहे’ म्हणून कशेडी घाट ओलांडतात आणि चिपळूणला दहा-बारा टक्क्यांवर पोचतात. तिथे रांग असली किंवा लाईट गेलेली असली की मग काहीच सुचत नाही. तुमचं दिवाळीत तेच झालं. पुढचा चार्जर बंद निघाला तरी त्याच्या पुढच्यापर्यंत जाता आलं पाहिजे, एवढं बॅटरीत कायम ठेवायचं. मी ४० च्या खाली हायवेला जातच नाही.

म्हणून महाड, चिपळूण आणि हातखंबा-रत्नागिरीचा भाग, असं तीनदा थोडं थोडं भरा. दर वेळी ८० पर्यंत. ३० किलोवॅटच्या गनवर (चार्जरची गाडीत लावायची वायर) अर्धा-पाऊण तास लागतो. ८० च्या पुढे थांबू नका. सेलचं व्होल्टेज वर आलं की बॅटरीची यंत्रणा स्वतःच करंट कमी करत जाते, शेवटच्या वीस टक्क्यांना फार वेळ जातो. बाबांना दोन तासांनी उतरावं लागतंच, तर थांबे त्यांच्या गुडघ्यांप्रमाणे आखा. गाडीलाही तेवढेच पुरतील.

आणखी एक. पाटीवर ६० किलोवॅट लिहिलेलं असतं, पण गन दोन असतील आणि दोन्हीकडे गाड्या लागल्या तर बऱ्याच मशिनींत ते ३०-३० वाटलं जातं. शेजारच्या गाडीवाल्याला विचारा किती वेळ लागेल. तो दहा मिनिटांत निघणार असेल तर चहा घेऊन या.

आता घरचा प्लग. माझ्या मते चार्जरपेक्षा याचीच जास्त काळजी करा. गाडीबरोबर येणारा चार्जर ३.३ किलोवॅटचा, म्हणजे १४-१५ अँपिअर सलग आठ-दहा तास. फवारणीचा पंप तासभर चालतो, त्यावरून वायरिंगचा अंदाज घेऊ नका. मीटरपासून वेगळी चार एमएमची तांब्याची वायर आणि स्वतंत्र एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) टाकून घ्या. एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नको, प्लग वितळलेले मी स्वतः बदललेत.

अर्थिंग नसेल तर चार्जर लाल दिवा दाखवून थांबतो, आणि ते बरोबरच आहे. आपल्याकडे खाली जांभ्याचा कातळ. कातळ सुकला की त्यातून वीज जमिनीत नीट उतरत नाही, त्यामुळे नवीन घरांतही अर्थिंग नावापुरतं असतं. न्हाणीचं पाणी जिथे केळींना जातं तिथे अर्थिंगचा पाइप पुरायला सांगा. ती जागा बारा महिने ओली असते. खड्ड्यात कोळसा नि मीठ घालतातच. काम झाल्यावर व्होल्टेज मोजायचं मीटर लावून दाखवायला सांगा: फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ व्होल्टेज जवळजवळ सारखं आलं पाहिजे. हे गणपतीच्या आधी, आत्ताच करून घ्या. त्या आठवड्यात कुठलाच वायरमन मोकळा नसतो, मी पण नसतो.

आणि गाडी रात्री बारानंतर चार्जिंगला लावा. संध्याकाळी सगळ्या वाडीत दिवे आणि मोटारी चालू असतात, व्होल्टेज फार पडलं की चार्जिंग मध्येच थांबतं.

उत्तर (संगमेश्वरजवळून, हॉटेल चालवतो)

आमच्या आवारात एका कंपनीचा चार्जर आहे, त्यामुळे दुसऱ्या बाजूने सांगतो. चाकरमानी रात्री दहाला निघतात आणि सगळे पहाटे तीन-चारला इथे येतात. तीच गाडी सकाळी अकराला आली तर रिकामी गन मिळते. वयस्कर माणूस बरोबर असेल तर पहाटे घरून निघा.

केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत हायवेला दर २० किलोमीटरवर चार्जिंगची सोय असावी असं म्हटलंय. पण गणपतीत एका ठिकाणी दोन गन म्हणजे काहीच नाही. त्यात लोक गाडी लावून जेवायला बसतात आणि ९५ टक्के झाले तरी उठत नाहीत. मागे लहान मुलं घेऊन माणसं ताटकळत असतात, ते बघून जीव तुटतो. माझी सगळ्यांना विनंती आहे, ८० झाले की गाडी बाजूला घ्या आणि काचेवर फोन नंबर ठेवा. ॲपमध्ये पैसे मुंबईतच भरून ठेवा, इथे पावसात नेटवर्क जातं. बिलात १८ टक्के जीएसटी धरून हिशोब करा.

उत्तर (कुडाळहून)

शोरूमच्या आवारातले चार्जर रात्री धरू नका, गेटला साखळी असते. प्लगशेअर या चार्जर शोधायच्या ॲपवर त्या चार्जरची शेवटची नोंद कोणत्या तारखेची आहे ते बघा. महिन्यापूर्वीची असेल तर फोन करून खात्री केल्याशिवाय त्या भरवशावर जाऊ नका.

प्रश्नकर्ती (परत आल्यावर)

सगळ्यांचे मनापासून आभार. पहाटे चारला निघालो. महाडला गन रिकामी मिळाली. बाबांना उसळ-पाव खायचा होता, म्हणून ८५ पर्यंत भरलं. चिपळूणला आमच्या पुढे तीन गाड्या होत्या. गाडीत ५२ टक्के होते, त्यामुळे न थांबता पुढे गेलो. हातखंब्याला २० वर पोचलो, पन्नास मिनिटांत ८० झाले. बाबा छत्री घेऊन तेवढ्यात फेरी मारून आले. घरी पोचलो तेव्हा ३२ टक्के होते आणि काका खळ्यात (अंगणात) उभे होते.

वायर आणि एमसीबी काकांनी ऑगस्टमध्येच टाकून घेतली होती. अर्थिंग मात्र ‘आसा, आसा’ म्हणाले होते. त्या रात्री लाल दिवा लागला. सकाळी बघितलं तर पाइपाला जोडलेली तार गंजून तुटलेली. तिकडचा वायरमन माटवी (गणपतीच्या वर टांगायची फळा-पानांची चौकट) बांधायला आला होता, त्यानेच न्हाणीमागच्या केळींत नवा पाइप पुरून दिला. रात्री बाराला गाडी लावली, सकाळी नऊला भरलेली होती. येतानाही तसंच, फक्त चिपळूणला पाऊण तास थांबावं लागलं.

लांज्याचे दादा, काका विचारतायत, मे महिन्यात त्या खड्ड्यात पाणी किती दिवसांनी घालायचं?

उत्तर (लांज्याहून)

न्हाणी रोज वापरात असेल तर वेगळं घालायला नको. घर बंद राहणार असेल तर शेजाऱ्यांना आठवड्यातून एकदा दोन बादल्या ओतायला सांगा. आणि ती तार गंजू नये म्हणून जोडावर ग्रीस लावून घ्या.