वजन उतरलेल्यांतही नैराश्य? उपकेंद्रात काय बघायचं?

प्रश्न: तपासणीत बारीक माणसांचेही पीएचक्यू-९ चे (नैराश्य तपासायच्या नऊ प्रश्नांचे) गुण १० च्या वर येतात. नैराश्य लठ्ठपणाशीच जोडलेलं असतं ना?

उत्तर १: नाही ताई, धोका दोन्ही टोकांना असतो. पाचवा प्रश्न भूक मंदावणं आणि जास्त खाणं एकत्रच मोजतो, त्यामुळे गुणांवरून दिशा कळत नाही. वेगळं विचारा: झंपर सैल झाला का? महिन्यात ५ टक्के, म्हणजे ५० किलोच्या बाईचं अडीच किलो प्रयत्नाशिवाय उतरलं, तर ते लक्षण धरा. काटा दर वेळी तोच ठेवा, चपला काढायला लावा.

उत्तर २: पण लगेच मनाचं कारण लावू नका. दोन आठवडे खोकला असेल तर टीबीसाठी थुंकी तपासा. शिवाय साखर, हिमोग्लोबिन. वजन वाढून सुस्ती असेल तर टीएसएच, म्हणजे थायरॉइडची तपासणी.

उत्तर ३: मिर्टाझपिन या नैराश्यावरच्या गोळीने वजन वाढू शकतं. आधी सांगितलं नाही, तर पेशंट गुपचूप गोळी सोडतात. आणि कळकळीनं सांगते, मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दलच्या नवव्या प्रश्नाला ‘कधीच नाही’ सोडून काहीही उत्तर आलं, तर बेरीज बघत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास चालू असते.