पूरग्रस्तांचं रडणं प्रबंधात वापरायला परवानगी लागते का?

कृष्णाकाठ : 'कलेतल्या संशोधनाला संमतीपत्रं लावलीत तर कला मरेल, कलावंत काही औषधाची चाचणी घेत नाही,' ही पोस्ट वाचून राहवलं नाही. ऑगस्ट 2019 च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलं होतं. ओसरल्यावर आमच्या गल्लीत एक विद्यार्थी रेकॉर्डर घेऊन आला. शेजारच्या मावशी चिखलातून भांडी काढताना रडत होत्या, ते त्यानं टिपलं आणि पुढं प्रदर्शनात अंधाऱ्या खोलीत सारखं वाजवत ठेवलं. मावशींना हे तिसऱ्याकडून कळलं. त्या दिवशी नाही, निदान नंतर तरी विचारायचं!

तिसरी घंटा : पुढ्यात कागद धरला की माणूस पाठ केल्यासारखं बोलतो. 1843 साली याच सांगलीत विष्णुदास भाव्यांनी नाटक उभं केलं, ते कुठल्या समितीला विचारून?

कृष्णाकाठ : भाव्यांचं कथानक पुराणातलं. मावशी त्याच गल्लीत राहतात, साहेब.

फडकरी : पुराचं राहू द्या, आमच्या फडाचं बोला. आजीला रात्रभर बसवून एकानं लावण्या टेप केल्या. प्रबंध झाला, नोकरी लागली. आजीचं नाव परिशिष्टात, तेही चुकीचं. टेपची प्रत मागितली तर 'गाईडकडे आहे'. रेठरे हरणाक्षच्या लावणीकार पठ्ठे बापूरावांवर चर्चासत्रं भरवता, मग गाणाऱ्या बाईला मानधन द्यायला हात का आखडतो?

तिसरी घंटा : पैसे दिले की संमती विकत घेतली म्हणाल. 2000 साली स्पेनमध्ये सँटियागो सिएरा या कलावंतानं कलाकृती म्हणून हेरॉइनचं व्यसन असलेल्या चार बायकांच्या पाठीवर एका डोसाच्या पैशात रेघ गोंदवून घेतली. त्या तयारच होत्या. चालतं?

फडकरी : ती नडलेल्याची लूट. आमची मागणी कष्टाच्या पैशाची. आजीला त्या पंगतीत बसवू नका, सांगून ठेवतो!

वाळव्याचा मास्तर : शांत व्हा. मी स्वतः गाईड आहे. आयसीएमआरची, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची, 2017 ची नैतिक तत्त्वं वैद्यकीय आणि आरोग्य संशोधनासाठी आहेत. तोच फॉर्म नाट्य-संगीताला चिकटवला की 'नाव गुप्त ठेवा' येतं, आणि लावणी गाणारीचं नाव गाळणं हाच तिच्यावर अन्याय. माझे विद्यार्थी तोंडी संमती रेकॉर्ड करतात, मांडणीआधी त्या माणसाला ऐकवतात. नको म्हणाला तर काढतात.

तिसरी घंटा : ऐकवणं मान्य, तेवढं सोडतो. पण एका नकारावर तीन वर्षांचं काम पाण्यात घालायचं?

कृष्णाकाठ : पाण्यात कशाला? पंपाचा आवाज, फावडी, रस्त्यावरची हाकाटी, सगळं ठेवा. मावशींचं तेवढं काढा.

फडकरी : आणि आमच्या टेपचं काय? मूळ प्रत घरी द्यायची, हे पण नियमात घाला.