शर्टावर फ्रान्सच्या राजाचं नाव, मालक मात्र इथलाच: गिऱ्हाइकाला हे कळायला नको?

दादरकर
भाच्याच्या साखरपुड्यासाठी शर्ट घ्यायला गेलो होतो. दुकानातला मुलगा म्हणाला, "काका, घ्या, बाहेरचा ब्रँड आहे." घरी येऊन जरा शोधाशोध केली. लुई फिलिप हा १८३० ते १८४८ या काळातला फ्रान्सचा राजा, पण त्याच्या नावाचा शर्ट १९८९ साली भारतातच जन्मला. माँटे कार्लोचे स्वेटर लुधियानाच्या ओसवाल घराण्याचे. पीटर इंग्लंड, अ‍ॅलन सॉली बिर्लांकडे. जॉकीसुद्धा बंगळुरूच्या कंपनीची. आपल्याच माणसांनी शिवलेला कपडा आपल्याच माणसांना विकायला गोरं नाव का लागावं? त्या नावाचे जादा पैसे आपण मोजतो. मला ही दिशाभूल वाटते.

काजबटण
या धंद्यात बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून सांगतो, सगळ्यांना एकाच माळेत ओवू नका. जॉकी 'बंगळुरूच्या कंपनीची' नाही. नाव अमेरिकन कंपनीचं आहे. बंगळुरूची पेज इंडस्ट्रीज परवाना घेऊन इथे माल बनवते, विकते आणि त्याची रॉयल्टी अमेरिकेला जाते. पीटर इंग्लंड खरोखरच १८८९ सालचं, आयर्लंडमधल्या लंडनडेरीचं. मदुरा गारमेंट्स या तयार कपड्यांच्या कंपनीने ते १९९७ मध्ये इथे आणलं, मध्यमवर्गाच्या खिशाला परवडेल असा तयार शर्ट म्हणून. पुढे २००० मध्ये जगभरचे हक्कच विकत घेतले. पैसे मोजून घेतलेलं नाव लावलं तर फसवणूक कुठे झाली? आणि लुई फिलिपही मदुरानेच बाजारात आणला, तेव्हा ती ब्रिटनच्या कोट्स समूहाकडे होती. म्हणजे नाव फ्रेंच राजाचं आणि मालक इंग्रज! बिर्ला त्यानंतर दहा वर्षांनी आले. मालकी अशी हातोहात फिरते, तुम्ही कुठल्या साली बघताय त्यावर उत्तर बदलतं.

पोखरणरोड
आम्हा ठाणेकरांना 'रेमंड' हे नाव कधी परकं वाटलंच नाही. लोकरीची गिरणी १९२५ ची. आधी वाडिया, मग ससून, १९४४ पासून सिंघानिया. नाव ससूनांच्या काळातलं, ते मालक बदलले तरी टिकलं. त्या भोंग्यावर अख्ख्या वस्तीचं घड्याळ चालायचं. पुढे गिरणी बंद झाली, आज त्या जमिनीवर टॉवर आहेत. मालक तर देशीच होता ना? म्हणून मालकाच्या गावापेक्षा मला एकच विचारावंसं वाटतं: कापड विणतंय कोण, शिवतंय कोण, आणि त्याच्या हातात किती पडतात?

दादरकर
जॉकीबद्दल माझी चूक झाली, मान्य. पोखरणरोड, तुमचा प्रश्न माझ्या प्रश्नापेक्षा मोठा आहे, पण त्याने माझा मिटत नाही. जून २०२५ मध्ये प्राडाने मिलानमध्ये कोल्हापुरीच्या घाटाच्या चपला दाखवल्या आणि सुरुवातीला कोल्हापूरचं नावही घेतलं नाही. कोल्हापुरीला २०१९ पासून भौगोलिक मानांकन आहे. आपण सगळे चिडलो, आणि ते बरोबरच होतं. वस्तू कुठली ते सांगा, एवढीच मागणी होती ना? मग तीच मागणी आपल्या कंपन्यांकडे का नको?

काजबटण
नाही पटलं. तिकडे कारागिरांची कला उचलली आणि त्यांचंच नाव गाळलं. इथे कुणाचं काय उचललंय? कंपनीचं नाव-पत्ता लेबलवर असतो, कॉलर उलटून बघा. आणि ही नावं आली तेव्हा आपल्याकडे कापड घेऊन शिंप्याकडे जायची रीत होती. तयार कपड्यावर गिऱ्हाइकाचा भरवसा बसवायचा होता. बाहेरच्या नावाने तो लवकर बसला, बंगळुरूच्या शिलाई कारखान्यांत हजारो बायका कामाला लागल्या. ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

दादरकर
त्या बायकांच्या कामाबद्दल मला आदरच आहे. म्हणून तर म्हणतो, त्यांचं गाव लपवू नका. छातीवर राजचिन्ह भरतकामात, आणि पत्ता आतल्या शिवणीत, दोन धुण्यांत पुसट होणारा. किमतीच्या चिठ्ठीवर ब्रँडच्या नावाशेजारी, त्याच आकारात, मालक कोण आणि शिवलं कुठे हे छापा. मग नाव राजाचं ठेवा नाहीतर वजिराचं.