स्लॅब उचलण्याआधी सलाईन का? आणि टुर्निके (रक्तप्रवाह थांबवणारा आवळपट्टा) बांधायची की नाही?

दरडमित्र:
इमारत कोसळल्यावर मांडीवर तुळई पडून पाच-सहा तास अडकलेला माणूस नीट बोलत असतो, आणि तुळई उचलल्यावर काही मिनिटांत दगावतो. असं का होतं? पथकासोबत डॉक्टर आणि नर्स असतील तर उचलण्याआधी काय द्यायचं आणि किती? मांडीला आधी टुर्निके आवळावी असंही काहीजण सांगतात.

अतिदक्षता_नर्स:
दाबलेल्या स्नायूला रक्त मिळत नाही. पेशी फुटतात, आणि पोटॅशियम, मायोग्लोबिन (स्नायूतलं प्रथिन), आम्ल त्या पायातच साचतं. दाब निघाला की हे सगळं एकदम हृदयाकडे जातं. शरीरातलं बहुतेक पोटॅशियम स्नायूंत असतं, त्यामुळे एक मांडीसुद्धा हृदय थांबवायला पुरते. शिवाय परतलेल्या रक्तातल्या ऑक्सिजनमुळे फ्री रॅडिकल्स (पेशींना इजा करणारे रेणू) तयार होतात, केशवाहिन्या गळू लागतात आणि कित्येक लिटर पाणी पायात उतरतं. म्हणजे बीपीही कोसळतं. यातून वाचलेल्यांची किडनी पुढच्या काही दिवसांत बंद पडू शकते. १९४१ मध्ये लंडनच्या बॉम्बहल्ल्यांतल्या जखमींवरून ब्रिटिश डॉक्टर बायवॉटर्स यांनी हेच नोंदवलं. यालाच क्रश सिंड्रोम म्हणतात.

म्हणून अडकलेला असतानाच १८ नंबरचा हिरवा कॅन्युला (शिरेत घालायची नळी) लावा. मोठ्या माणसाला नॉर्मल सलाईन तासाला १ लिटर, मुलांना किलोमागे तासाला १५ ते २० मिली. दोन तासांनी वेग निम्मा करा. म्हातारा किंवा हृदयरोगी असेल तर आधीपासूनच कमी. शीर सापडत नसेल तर हाडातून द्या. आरएल (रिंगर लॅक्टेट) नको, त्यात पोटॅशियम असतं. वेदनेसाठी डायक्लोफेनॅक हे वेदनाशामकही नको, ते किडनीला आणखी मारतं. ही चूक फार सर्रास होते.

भूलतज्ज्ञ:
उचलण्याआधी ईसीजी मॉनिटर लावा. त्यावरची टी लाट उंच टोकदार झाली किंवा क्यूआरएस (ठोक्याची मुख्य टोकदार लाट) रुंदावला तर रक्ताच्या रिपोर्टची वाट पाहू नका. १०% कॅल्शियम ग्लुकोनेट १० मिली, दोन ते पाच मिनिटांत शिरेतून. ते हृदयाला सांभाळतं, पोटॅशियम कमी करत नाही. त्यासाठी १० युनिट साधं इन्सुलिन आणि सोबत २५ ग्रॅम डेक्स्ट्रोज (२५% ची १०० मिली), शिवाय साल्ब्युटामॉलचं (दम्याचं औषध) नेब्युलायझेशन. नंतर साखर तपासत राहा. सोडाबायकार्ब देणार असाल तर कॅल्शियमच्याच नळीतून नको, साका बसतो. आणि भूल देताना स्कोलिन (स्नायू शिथिल करणारं औषध) टाळा, त्याने पोटॅशियम आणखी चढतं.

अस्थिशल्य:
टुर्निकेबद्दल. जीवघेणा रक्तस्राव असेल तरच बांधा. क्रश सिंड्रोम टाळायला म्हणून सरसकट बांधू नये. तिच्यामुळे स्नायूची उपासमार लांबते, आणि सोडताना तोच धोका पुन्हा उभा राहतो. बांधलीच तर वेळ लिहून ठेवा आणि दोन तासांच्या आत सुटेल असं पाहा.

बाहेर काढल्यावर पाय घट्ट होऊन ताणला की दुखणं वाढतंय का ते बघत राहा. स्नायूच्या आतला दाब डायस्टोलिकपासून (बीपीचा खालचा आकडा) ३० मिमीच्या आत आला तर फॅशिओटॉमीचा (स्नायूवरचं आवरण कापून दाब मोकळा करण्याचा) विचार. नाडी लागते म्हणून निर्धास्त राहू नका, नाडी सर्वात शेवटी जाते.

दरडमित्र:
सलाईन चालू ठेवायची की नाही हे कशावरून ठरवायचं?

अतिदक्षता_नर्स:
लघवीवरून. कॅथेटर घाला. तासाला २०० मिलीच्या वर लघवी होत राहिली पाहिजे. रंग काळ्या चहासारखा असेल तर मायोग्लोबिन जातंय. लघवीच होत नसेल तर सलाईन ओतत राहू नका, फुप्फुसात पाणी भरेल. मॅनिटॉलही (लघवी वाढवणारं औषध) नको, डायलिसिसची सोय असलेल्या ठिकाणी लगेच हलवा. किती लिटर गेलं ते पेशंटच्या अंगावर चिकटपट्टीवर लिहून द्या.