४५४ कोटी वर्षं शाळेच्या मैदानावर कशी मांडायची? (सोलापूर)

नववी_विज्ञान
नववीच्या मुलांसाठी पृथ्वीचा कालपट करायचा आहे. तक्त्यावर सगळे कल्प (पृथ्वीच्या इतिहासातले कालखंड) सारख्याच उंचीच्या चौकोनांत लिहिले की मुलांना कँब्रियन आणि क्रिटेशस एकमेकांच्या शेजारचे वाटतात. मैदानात ५० मीटर सरळ जागा मिळते. प्रमाण काय धरू? आपला सोलापूरचा काळा दगड त्यावर कुठे येतो? शिवाय महाबळेश्वर ते सोलापूर असा जमिनीचा उभा छेदही काढायचाय. परवा काढून पाहिला तर डोंगर दिसेचनात, नुसती रेघ आली.

फक्की_टेप
१ मीटर म्हणजे १० कोटी वर्षं धरा. पृथ्वीचं वय ४५४ कोटी, म्हणजे ४५.४ मीटर, तुमच्या जागेत बसतं. मग १ सेंटिमीटरला १० लाख वर्षं आणि १ मिलिमीटरला १ लाख. आकडेमोड मुलं तोंडीच करतील.

मोजायला सुरुवात "आज"च्या टोकाकडून करा. भूशास्त्रातली सगळी वयं आजपासून मागं मोजलेली असतात; उलट्या टोकाकडून गेलात तर प्रत्येक खुणेला वजाबाकी आणि दोन-चार चुका ठरलेल्या.

खुणा: डायनोसॉरचा शेवट ६६ सेंटिमीटरवर, ट्रायासिक संपतो २ मीटरवर, पर्मियन अखेरचा मोठा संहार २.५२ वर, कँब्रियनची सुरुवात ५.३९ वर. त्यापलीकडे हवेत ऑक्सिजन वाढू लागतो तो थेट २४ मीटरच्या आसपास, आणि जिवाणूंनी घडवलेले जुने थर ३५ मीटरजवळ. पाठ्यपुस्तकात नावं असलेले बहुतेक प्राणी साडेपाच मीटरच्या आतच उरकतात. मधला लांबच लांब पट्टा रिकामा दिसेल. तो तसाच राहू द्या, चित्रं चिकटवून भरू नका.

सुतळी वापरू नका. ती ताणते, आणि गाठीगाठीत दोन-तीन सेंटिमीटर जातात, म्हणजे २०-३० लाख वर्षं गाठीत गेली. जमिनीवर ५० मीटरचा टेप आणि फक्कीची रेघ, एवढं पुरे.

काळवत्री
आपला दगड दख्खन ट्रॅपचा बेसाल्ट, वय सुमारे ६.६ कोटी. खूण ६६ सेंटिमीटरवर, डायनोसॉरच्या शेवटाला चिकटून. बहुतेक लाव्हा दहा लाख वर्षांच्या आत बाहेर पडला, म्हणजे तुमच्या रेघेवर जेमतेम एक सेंटिमीटर! आज सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर पसरलेला खडक, आणि काळाच्या पट्टीवर बोटभरसुद्धा नाही. स्थळाचं माप आणि काळाचं माप वेगळं कसं चालतं, हे मुलांना इथे दाखवा.

त्या लाव्ह्याखाली काय आहे, हेही त्याच रेघेवर दाखवता येतं. किल्लारीला १९९३च्या भूकंपानंतर ६१७ मीटर खोल बोअर घेतली. ३३८ मीटर बेसाल्ट लागला, त्याखाली ८ मीटर गाळाचे थर, आणि मग एकदम २५० कोटी वर्षांहून जुना पायाचा खडक. म्हणजे २५ मीटरच्या खुणेपासून थेट ६६ सेंटिमीटरवर उडी. रेघेवरच्या मधल्या २४ मीटर काळापैकी तिथे उरलाय तो फक्त तेवढा ८ मीटर जाडीचा गाळ. याला विसंगती म्हणतात. काळ तिथेही गेलाच, पण त्या काळातलं काही साचलं नाही, किंवा साचलेलं झिजून गेलं. महाराष्ट्रातच दुसरीकडे त्या हरवलेल्या काळातले काही थर सापडतात: चंद्रपूरचा कोळसा पर्मियन काळातला आहे.

आसपास कुठे बोअर चालू असेल तर गाडीवाल्याकडून दर १० फुटांना भुकटी मागा, पिशवीवर खोली लिहा. बारीक काळी-करडी भुकटी म्हणजे लाव्ह्याच्या एका प्रवाहाचा घट्ट मधला भाग. पांढरे ठिपके दिसले तर वायूच्या पोकळ्या खनिजांनी भरलेला वरचा भाग, मांजऱ्या म्हणतात तो. लाल भुकटी म्हणजे दोन प्रवाहांमधला कुजलेला थर, तेवढा वेळ लाव्हा थांबला होता. पण लाल थर ढासळतो आणि खालच्या भुकटीतही मिसळत राहतो, म्हणून लाल रंग पहिल्यांदा लागला ती खोली धरा. आणि लाल थर नाही म्हणून प्रवाह एकच, असं समजू नका. प्रत्येक दोघांत तो असतोच असं नाही.

नववी_विज्ञान
मुलं विचारतात, जे खाली ते जुनं, मग भीमाकाठची गाळमाती डोंगरापेक्षा जुनी का नाही?

काळवत्री
कारण नियम "एकावर एक रचलेल्या" थरांचा आहे, समुद्रसपाटीपासूनच्या उंचीचा नाही. नदीनं आधी बेसाल्ट कोरला, मग त्या खड्ड्यात गाळ टाकला. गाळ बेसाल्टला टेकून बसलाय, त्याच्याखाली गेलेला नाही. काठावर जिथे दोघं भेटतात तिथे न्या, गाळात बेसाल्टचे गोटे सापडतील. ज्याचे तुकडे दुसऱ्यात सापडतात तो आधीचा.

आणि कार्बन-१४चं नाव निघेलच. तो ५० हजार वर्षांच्या पलीकडे निकामी, आणि लाव्ह्यात मोजण्याजोगं सेंद्रिय काही नसतंच. बेसाल्टचं वय आर्गॉनवरून काढतात, किंवा दोन प्रवाहांमधल्या राखेतल्या झिरकॉन या खनिजामधल्या युरेनियम-शिशावरून.

उभा_छेद
डोंगर दिसत नाहीत, कारण ते खरंच तेवढेच आहेत. महाबळेश्वर-सोलापूर सरळ रेषेत साधारण २४० किमी. १ सेंटिमीटरला ५ किमी धरलं तर छेद ४८ सेंटिमीटर लांब, आणि महाबळेश्वरची सुमारे १४०० मीटर उंची जेमतेम ३ मिलिमीटर. म्हणून उभं प्रमाण वेगळं घ्या: १ सेंटिमीटरला १०० मीटर. महाबळेश्वर १४ सेंटिमीटर, सोलापूर साडेचार. सोलापूरच्या पुढे १६ सेंटिमीटरवर किल्लारी घेतलं तर तिथला ३३८ मीटर बेसाल्ट सुमारे ३.४ सेंटिमीटर जाड दिसेल.

फक्त कोपऱ्यात ठळक लिहा: "उभं प्रमाण ५० पट". हे राहिलं की मुलांना थर कलंडलेले वाटतात. अर्ध्या अंशाचा उतार ५० पटीत २३ अंशांहून जास्त दिसतो, आणि दख्खनचे प्रवाह तर एक अंशाच्याही आत कललेले आहेत. कोनमापक लावून कागदावरचा कोन लिहू देऊ नका.

नववी_विज्ञान
५० पट लिहितो. एकच राहिलं, माणूस रेघेवर कसा दाखवू? ३ लाख वर्षं म्हणजे ३ मिलिमीटर, फक्कीत दिसणारच नाही.

फक्की_टेप
रेघेवर नका दाखवू. साध्या झेरॉक्सच्या कागदाची जाडी ०.१ मिलिमीटर, म्हणजे एक कागद १० हजार वर्षं. ३० कोरे कागद पिनअप करून "आज"च्या टोकाला ठेवा. लिखित इतिहास ५ हजार वर्षांचा, तो सगळ्यात वरच्या कागदाच्या अर्ध्या जाडीत. चादरीचं सूतसुद्धा त्याहून जाड असतं.